वर्ज्य प्रोसेसर-आज्ञा आणि कर्नेलचा इशारा : जुन्या सॉफ्टवेअरच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश

प्रोसेसरच्या आज्ञासंचातून काही आज्ञा काळाच्या ओघात वर्ज्य ठरविल्या जातात. मात्र त्या आज्ञा वापरणारे जुने सॉफ्टवेअर कार्यालयांत, ग्रंथालयांत व प्रयोगशाळांत चालूच राहते. अशा वेळी लिनक्स कर्नेल त्या आज्ञेचे अनुकरण करून प्रोग्रॅम चालू ठेवते आणि नोंदवहीत इशारा लिहिते. प्रस्तुत लेखात या धोरणाची चिकित्सा केली आहे. हे धोरण मूलतः योग्य असले, तरी इशारा ज्याच्या हाती पडतो त्याला दोष दुरुस्त करता येत नाही आणि ज्याला दुरुस्त करता येतो त्याच्यापर्यंत तो पोहोचत नाही, ही त्याची खरी उणीव आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे. पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅक आणि मुंबईतील भारतीय तंत्रज्ञान संस्था यांच्या कार्यातील उदाहरणांच्या आधारे तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांनी स्वीकारावयाच्या मार्गाची मांडणी अखेरीस केली आहे.

बीजशब्द : आज्ञासंच, कर्नेल, अनुकरण, वर्ज्य आज्ञा, जुने सॉफ्टवेअर.

प्रस्तावना

एखादा प्रोग्रॅम वर्षानुवर्षे बिनतक्रार चालत असतो. मग यंत्र बदलते किंवा ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत केली जाते आणि संगणकाच्या नोंदवहीत एक ओळ वारंवार उमटू लागते. अमुक नावाचा प्रोग्रॅम अमुक पत्त्यावर वर्ज्य आज्ञा वापरीत आहे, असा तिचा आशय असतो. प्रोग्रॅम थांबत नाही आणि त्याचे उत्तरही बहुधा चुकत नाही. त्यामुळे या ओळीकडे दुर्लक्ष करावे, ती बंद करावी की तिच्यामागचे कारण शोधावे, असा प्रश्न उभा राहतो.

वरवर पाहता हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांचा वाटतो. परंतु वाशिम जिल्ह्यातील मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयातील संगणकांची देखभाल करण्यासाठी स्वतंत्र तज्ज्ञ असेलच, असे नाही. अनेकदा एखादा प्राध्यापक, ग्रंथपाल किंवा लिपिक हाच यंत्राचा व्यवस्थापक असतो. तो इशारा त्याच्याच पडद्यावर येतो आणि निर्णयही त्यालाच घ्यावा लागतो. प्रवेशाच्या नोंदी, ग्रंथालयाची दाखलनोंद, परीक्षेचे गुण असा ऐवज ज्या सॉफ्टवेअरमध्ये साठविलेला असतो, त्याचे आयुष्य या निर्णयावर अवलंबून असते. म्हणून या विषयाचा विचार सर्वच विद्याशाखांच्या अध्यापकांनी करणे अगत्याचे आहे.

वर्ज्य आज्ञांचे स्वरूप

प्रोसेसरला समजणाऱ्या मूलभूत आदेशांना आज्ञा म्हणतात व अशा सर्व आज्ञांच्या समुच्चयाला आज्ञासंच म्हणतात. कंपायलर प्रोग्रॅमचे रूपांतर या आज्ञांत करतो. एकदा हे रूपांतर झाले की तयार फाईलमध्ये त्या काळच्या आज्ञा कायमच्या गोठतात. पुढे आज्ञासंच बदलला, तरी फाईल बदलत नाही. जुन्या सॉफ्टवेअरची सारी अडचण येथूनच सुरू होते.

'वर्ज्य' आणि 'बाद' या दोन अवस्थांत भेद करणे येथे आवश्यक आहे. वर्ज्य आज्ञा म्हणजे जी अद्याप प्रोसेसरमध्ये असू शकते, परंतु नव्या प्रोग्रॅमने वापरू नये असे रचनाकारांनी जाहीर केले आहे ती. बाद आज्ञा म्हणजे जी रचनेतून काढून टाकली आहे ती. मोबाईल फोनपासून लहान शैक्षणिक संगणकांपर्यंत सर्वत्र आढळणाऱ्या एआरएम या घराण्याच्या आठव्या आवृत्तीत या दोन्ही अवस्थांची ठळक उदाहरणे सापडतात.

पहिले उदाहरण 'स्वॅप' या आज्ञेचे. ही आज्ञा मेमरीतील मूल्य आणि प्रोसेसरमधील मूल्य यांची एका दमात अदलाबदल करते. दोन प्रक्रियांपैकी एकीलाच एखाद्या साधनाचा ताबा मिळावा, यासाठी तिचा उपयोग होई. प्रोसेसरमध्ये एकच गाभा असताना ती पुरेशी होती. अनेक गाभे आल्यावर मात्र एका गाभ्याची अदलाबदल पूर्ण होईपर्यंत मेमरीचा मार्ग इतरांसाठी अडवून धरणे महाग पडू लागले. म्हणून सहाव्या आवृत्तीपासून तिचा वापर टाळावा असे ठरले, तिच्या जागी दुसऱ्या आज्ञांची जोडी आली आणि आठव्या आवृत्तीत ती बाद झाली.

दुसरे उदाहरण 'सीपी-१५ बॅरिअर' या आज्ञांचे. वेग वाढविण्यासाठी आधुनिक प्रोसेसर मेमरीतील वाचन-लेखनाचा क्रम स्वतः बदलतो. काही ठिकाणी असा बदल चालत नाही. हिशेबनीस आधी रोजकीर्दीत नोंद करतो व मग खतावणीत उतरवितो. हा क्रम उलटला आणि मधल्या वेळेत दुसऱ्याने खतावणी पाहिली, तर त्याला आधार नसलेला आकडा दिसेल. बॅरिअर आज्ञा हा क्रम राखते. सहाव्या आवृत्तीत हे काम पंधरा क्रमांकाच्या नियंत्रक सहप्रोसेसरला आदेश देऊन करावे लागे. सातव्या आवृत्तीत त्यासाठी स्वतंत्र आज्ञा आल्या व जुनी पद्धत वर्ज्य ठरली.

तिसरे उदाहरण 'सेटएंड' या आज्ञेचे. अनेक बाइटांची संख्या मेमरीत कोणत्या टोकापासून मांडावी, हे प्रोग्रॅम चालू असतानाच बदलण्याची सोय ती देते. हीदेखील आठव्या आवृत्तीत वर्ज्य आहे.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. शाळा-महाविद्यालयांत परिचित असलेल्या रास्पबेरी पाय या लहान संगणकाची पहिली आवृत्ती २०१२ मध्ये आली. तिचा प्रोसेसर एआरएमच्या सहाव्या आवृत्तीचा होता. त्या पहिल्या संगणकावरही चालावी म्हणून त्याची ३२ बिटांची अधिकृत ऑपरेटिंग सिस्टिम पुढेही सहाव्या आवृत्तीसाठीच संकलित होत राहिली. २०१९ मध्ये आलेल्या चौथ्या पायचा प्रोसेसर आठव्या आवृत्तीचा आहे. २०२३ मध्ये कर्नेलच्या अद्ययावतीकरणाबरोबर अशा यंत्रांवर ६४ बिटांचे कर्नेल पूर्वनिश्चित झाले. म्हणजे वापरकर्त्याचे प्रोग्रॅम ३२ बिटांचे, जुन्या आज्ञांसाठी घडविलेले आणि त्यांच्याखालचे कर्नेल ६४ बिटांचे, अशी स्थिती निर्माण होऊ शकते. वर्ज्य आज्ञांच्या इशाऱ्याला हीच भूमी अनुकूल असते.

कर्नेलचे तीन मार्ग

लिनक्स कर्नेलच्या ३.१९ या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीपासून ६४ बिटांच्या एआरएम यंत्रांसाठी अशा आज्ञा हाताळण्याची एक व्यवस्था आहे. प्रत्येक आज्ञेसाठी प्रशासकाला एक मूल्य निवडता येते. शून्य म्हणजे नकार. आज्ञा अपरिचित मानली जाते व प्रोग्रॅम 'अवैध आज्ञा' या कारणाने बंद पडतो. एक म्हणजे अनुकरण. आज्ञा आढळताच प्रोसेसर काम थांबवून कर्नेलकडे जातो, कर्नेल त्या आज्ञेचे कार्य स्वतः पार पाडते, नोंदवहीत इशारा लिहिते आणि प्रोग्रॅम पुढे चालू देते. दोन म्हणजे यंत्रातील मूळ सोय खुली करणे. तेथे प्रोसेसर स्वतःच ती आज्ञा पार पाडतो आणि इशारा येत नाही. अर्थात ज्या प्रोसेसरमध्ये ती आज्ञा उरलेलीच नाही, तेथे हा तिसरा मार्ग उपलब्ध नसतो. स्वॅपच्या बाबतीत तसेच आहे.

वर्ज्य आज्ञांसाठी अनुकरण हे पूर्वनिश्चित असावे आणि बाद आज्ञांसाठी नकार पूर्वनिश्चित असावा, असे कर्नेलचे दस्तऐवजीकरण सांगते. या भेदामागे विचार आहे. जी आज्ञा निवृत्तीच्या वाटेवर आहे तिला मुदत द्यावी, जी गेली आहे तिच्याबद्दल खोटी आशा ठेवू नये, हे तत्त्व त्यातून दिसते. चालू असलेला प्रोग्रॅम कर्नेलच्या बदलामुळे बंद पडू नये, या लिनक्सच्या जुन्या दंडकाशीही ते सुसंगत आहे.

अनुकरणाच्या मर्यादा समजण्यासाठी एक देशी दृष्टांत उपयोगी पडेल. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती सुरू झाली. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. काही काळ दोन्ही नाणी बाजारात होती. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात, पण पाव पैशाचे नाणे नव्हते. म्हणून एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ व चार आण्यांना २५ नवे पैसे, असे कोष्टक ठरले. चार आण्यांचा व्यवहार एकदम केला तर २५ नवे पैसे होत, तोच एकेका आण्याने चार वेळा केला तर २४ होत. रूपांतर प्रामाणिक होते, तरी व्यवहार कसा तोडला यावर उत्तर बदलत होते.

कर्नेलच्या अनुकरणातही असेच घडू शकते. मूळ स्वॅप आज्ञा एका दमात पार पडते, तर तिचे अनुकरण अनेक पावलांत होते. ३२ बिटांच्या एआरएम कर्नेलमधील स्वॅप-अनुकरणाच्या पर्यायासोबत एक महत्त्वाची सावधगिरी नमूद केलेली आहे. जीलिबसी या मूलभूत लायब्ररीच्या २.८ व त्यापूर्वीच्या काही आवृत्त्यांत स्वॅपचा वापर करताना मध्ये कोणी व्यत्यय आणणार नाही, असे चुकीचे गृहीत धरलेले होते. अनुकरण सुरू केल्यावर हे गृहीतक फसण्याची शक्यता वाढते व प्रोग्रॅम कायमचा अडकून पडू शकतो. सेटएंडच्या बाबतीतही अट आहे. यंत्रातील सर्व गाभ्यांना दोन्ही बाइटक्रम चालत असले, तरच ही सोय सुरू करता येते. याशिवाय प्रत्येक अनुकरणासाठी कर्नेलमध्ये जाऊन परत येण्याचा खर्च मूळ आज्ञेच्या कित्येक पट असतो. तात्पर्य, अनुकरणाला मूळ आज्ञेची बिनशर्त प्रतिकृती मानता येत नाही.

इशाऱ्याची चिकित्सा

या पार्श्वभूमीवर इशाऱ्याकडे एक मजकूर म्हणून पाहिले, तर काय दिसते? त्यात प्रोग्रॅमचे नाव, त्याचा प्रक्रिया-क्रमांक, आज्ञेचे नाव व मेमरीतील पत्ता असतो. मजकूर संक्षिप्त आहे आणि खोटा नाही. इशाऱ्यांचा पूर येऊ नये म्हणून त्यावर मर्यादाही आहे. सर्वसाधारणपणे पाच सेकंदांत दहा ओळी लिहिल्यानंतर उरलेल्या दडपल्या जातात आणि किती दडपल्या, एवढा आकडा नंतर नोंदविला जातो. इतका संयम राखणाऱ्या रचनेचे गुण मान्य केलेच पाहिजेत.

तथापि चिकित्सेअंती चार उणिवा समोर येतात.

पहिली उणीव पत्त्याची. आधुनिक ऑपरेटिंग सिस्टिम सुरक्षिततेसाठी लायब्ररी प्रत्येक वेळी मेमरीत वेगळ्या ठिकाणी ठेवते. त्यामुळे इशाऱ्यातील पत्ता पुढच्या वेळी बदलतो. शिवाय दोष प्रोग्रॅमच्या स्वतःच्या भागात आहे की त्याने उसन्या घेतलेल्या लायब्ररीत, हे नावावरून कळत नाही. ज्याचे नाव छापले जाते तो अनेकदा निर्दोष असतो. त्या प्रक्रियेचा मेमरी-नकाशा पत्त्याशी ताडून पाहिला, तरच खरा धनी सापडतो. ही गोष्ट इशारा सांगत नाही.

दुसरी उणीव अग्रक्रमाची. वर्ज्य आज्ञेचा इशारा आणि डिस्क निकामी होत असल्याचा इशारा एकाच नोंदवहीत जातात. या नोंदवहीची जागा मर्यादित असते व नव्या ओळी जुन्या ओळी पुसतात. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीतील गावकऱ्यांप्रमाणे व्यवस्थापकाला मग ओळींची सवय होते आणि खरा धोका ओळखता येत नाही.

तिसरी उणीव मुदतीची. 'वर्ज्य' या शब्दातच भविष्यकाळ गर्भित आहे, पण तो भविष्यकाळ केव्हा येणार, हे इशाऱ्यात नाही. प्रत्यक्षात तो येऊन ठेपला आहे. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या कॉर्टेक्स-ए७१५ या एआरएम गाभ्यातून ३२ बिटांचा संपूर्ण आज्ञासंच वगळण्यात आला. त्याच वर्षीचा पिक्सेल ७ हा फोन केवळ ६४ बिटांची ॲप्स चालविणारा होता. जेथे ३२ बिटांची अवस्थाच नाही, तेथे शून्य, एक आणि दोन हे तिन्ही मार्ग एकदमच निरर्थक ठरतात. एकेक आज्ञा वर्ज्य होण्याची पायरी संपून संपूर्ण भाषाच निवृत्त होते.

चौथी उणीव सर्वांत गंभीर असून ती इशाऱ्याच्या पत्त्यापेक्षा पत्ता असलेल्या माणसाची आहे. दोष दुरुस्त करण्यासाठी प्रोग्रॅमची मूळ संहिता व तो पुन्हा संकलित करण्याचा अधिकार लागतो. हे दोन्ही ज्याच्याकडे आहे त्याला इशारा दिसत नाही. ज्याला तो दिसतो त्याच्या हातात फक्त शून्य, एक आणि दोन ही मूल्ये असतात. परिणामी बहुतेकांना सुचणारा उपाय म्हणजे मूल्य दोन करणे. ओळ नाहीशी होते, वेगही वाढतो आणि प्रश्न सुटल्याचे समाधान मिळते. वस्तुतः दोन या मूल्याने वेग मिळत असला, तरी वर्ज्य आज्ञांच्या वापराची मोजदाद करण्याची सोय जाते, ही बाब कर्नेलचे दस्तऐवजीकरणही मान्य करते. ताप मोजणारे यंत्र फेकून दिल्याने ताप उतरत नाही, एवढेच येथे म्हणता येईल.

यावर असा आक्षेप घेता येईल की, सल्ला देणे हे कर्नेलचे काम नाही. आक्षेपात तथ्य आहे. कर्नेलला संहितेचा मालक ठाऊक नसतो व ठाऊक असण्याची अपेक्षाही करता येणार नाही. पण मग ती जबाबदारी संस्थेवर येते. ज्या संस्थेने सॉफ्टवेअर घेतले, तिने इशारा योग्य माणसापर्यंत नेण्याची वाट आधीच तयार ठेवली पाहिजे. ती वाट नसेल, तर उत्तमातला उत्तम इशाराही वाया जातो.

विरुद्ध टोकाचे उदाहरण विंडोजचे आहे. डॉसच्या काळातील १६ बिटांचे प्रोग्रॅम ३२ बिटांच्या विंडोजवर एका अंगभूत उपव्यवस्थेमुळे चालत. प्रोसेसर ६४ बिटांच्या अवस्थेत असताना ८०८६ची नक्कल करणारी त्याची जुनी अवस्था उपलब्ध नसते. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ही उपव्यवस्था ठेवलेली नाही. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ची ३२ बिटांची आवृत्तीच निघाली नाही आणि विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. येथे आज्ञा-आज्ञांगणिक इशारा नव्हता. काल चालणारा प्रोग्रॅम नव्या यंत्रावर सरळ नाकारला जातो. फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले डॉसचे हिशेब किंवा नोंदी ज्यांच्याकडे आहेत, त्यांना डॉसचे अनुकरण करणारा वेगळा प्रोग्रॅम वापरावा लागतो. या तुलनेत लिनक्सचा सविस्तर इशारा कितीतरी सुजन म्हटला पाहिजे. त्याची किंमत न ओळखता तो बंद करणे हीच शोकांतिका आहे.

महाराष्ट्रातील अनुभव

आज्ञासंच आणि यंत्र यांच्याबरोबर सॉफ्टवेअर कसे जगते वा मरते, याची उदाहरणे शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली. तिचे संस्थापक संचालक डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावचे. त्यांच्या जन्माच्या वेळी, म्हणजे १९४६ मध्ये, मंगरूळपीर अकोला जिल्ह्यातच होते. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. त्यामुळे हा इतिहास या परिसराला परका नाही.

सी-डॅकचा परम ८००० हा महासंगणक १९९१ मध्ये तयार झाला. त्यात ब्रिटनमधील इनमॉस या कंपनीचे ट्रान्सप्युटर हे प्रोसेसर वापरले होते. समांतर गणनेसाठीच त्यांची रचना होती आणि ऑकम ही भाषा त्यांच्याबरोबर घडविली गेली होती. पुढे ट्रान्सप्युटरचे घराणेच खुंटले. १९९८ मधील परम १०००० हा अल्ट्रास्पार्क प्रोसेसरांवर उभा होता, तर २००३ मधील परम पद्म हा आयबीएमच्या पॉवर-४ प्रोसेसरांवर. प्रत्येक टप्प्यावर आज्ञासंच वेगळा होता. ट्रान्सप्युटरसाठी संकलित झालेली फाईल अल्ट्रास्पार्कवर चालणे शक्यच नव्हते. पुढच्या यंत्रावर जे नेता येण्यासारखे होते ते गणिती पद्धती आणि मूळ संहिता. संहिता हाती असेल तर प्रोसेसरचा मृत्यू पचविता येतो, हा धडा या वंशावळीतून मिळतो.

दुसरे उदाहरण मराठी अक्षरांशीच संबंधित आहे. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झालेले आणि सी-डॅकने पुढे नेलेले 'जिस्ट' हे तंत्र एका कार्डाच्या रूपाने संगणकात बसविले जाई. त्यामुळे डॉसच्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी अक्षरे दिसू लागली. विंडोजचा प्रसार झाला, संगणकातील जुनी खाच गेली आणि कार्डाचे काम संपले. परंतु इस्की या संकेतप्रणालीत साठविलेला मजकूर वाचनीय राहिला, कारण १९९१ मध्ये ती भारतीय मानक १३१९४ म्हणून प्रसिद्ध झालेली होती. तिचे युनिकोडमध्ये रूपांतर नियमाने करता येते. उलट, अक्षराच्या दृश्य तुकड्यांनाच संकेत देणाऱ्या निरनिराळ्या फाँटांत टंकलिखित झालेला मजकूर त्या त्या फाँटाशी बांधला गेला. आजही तो उघडण्यासाठी नेमका तो फाँट किंवा त्याचे रूपांतरक लागते. यंत्र दोन्हीकडे गेले. जेथे नियम सर्वांसमोर प्रसिद्ध होता तेथे मजकूर वाचला, जेथे तो नव्हता तेथे मजकूर ओलीस राहिला.

तिसरे उदाहरण अलीकडचे आहे. मुंबईतील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेला 'अजित' हा प्रोसेसर २०१९ मध्ये प्रकाशात आला. त्यासाठी स्पार्क व्ही-८ हा आधीच्या पिढीतील, पण प्रसिद्ध विनिर्देश असलेला आज्ञासंच निवडण्यात आला. नवा प्रोसेसर आणि जुना आज्ञासंच ही जोडी प्रथमदर्शनी विसंगत वाटते. पण त्यामुळे तयार कंपायलर व साधने वापरण्याचा मार्ग मोकळा राहतो. येथे एक मार्मिक साम्य आढळते. स्पार्क व्ही-८ मध्येही मेमरीशी अदलाबदल करणारी स्वॅप आज्ञा आहे आणि स्पार्कच्या नवव्या आवृत्तीत ती वर्ज्य ठरविलेली आहे. म्हणजे एकाच कल्पनेला दोन स्वतंत्र घराण्यांनी सारख्याच दिशेने निरोप दिला. 'वर्ज्य' हा शिक्का आज्ञेच्या अंगभूत दोषाइतकाच काळ, यंत्र आणि उपयोग यांच्या संबंधातून लागतो, हे यातून स्पष्ट होते.

महाविद्यालयांपुढील मार्ग

वरील विवेचनावरून इशारा हाताळण्याचा एक क्रम सुचविता येतो. प्रथम मूल्य एक तसेच ठेवून इशारा वाचावा आणि मेमरी-नकाशाच्या साहाय्याने दोषी फाईल निश्चित करावी. ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या वितरणातील असेल, तर ६४ बिटांची किंवा नव्या आज्ञासंचासाठी संकलित झालेली आवृत्ती बसवावी. बहुतेक वेळा एवढ्याने भागते. प्रोग्रॅम संस्थेत किंवा विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तयार झालेला असेल व संहिता उपलब्ध असेल, तर किमान सातव्या आवृत्तीचा आज्ञासंच गृहीत धरून तो पुन्हा संकलित करावा. कंपायलर जुन्या बॅरिअरच्या जागी नवी आज्ञा स्वतः घालतो. संहितेत जुनी आज्ञा हाताने लिहिलेली असेल, तेवढाच भाग बदलावा लागतो.

संहिता नसेल तेव्हा अनुकरणावर राहणे भाग आहे. मात्र ती उसनी मुदत समजावी. त्या काळात प्रोग्रॅममधील माहिती साध्या व प्रसिद्ध स्वरूपात बाहेर काढून ठेवावी आणि मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणावा. मूल्य दोन करण्याचा निर्णय वेगाची अडचण प्रत्यक्ष मोजल्यानंतरच घ्यावा व कोणी, कोणत्या तारखेला आणि का घेतला, हे जडसंग्रह नोंदवहीत लिहावे. नवी यंत्रे खरेदी करण्यापूर्वी एका यंत्रावर मूल्य शून्य करून नेहमीचे सर्व प्रोग्रॅम चालवून पाहावेत. जे बंद पडतील त्यांची यादी हीच पुढील वर्षाच्या कामाची यादी होय. अर्थात ही चाचणी परीक्षेच्या किंवा प्रवेशाच्या दिवसांत करू नये.

खरेदीच्या अटींतही बदल आवश्यक आहे. पुरवठादाराने व्यवसाय बंद केल्यास मूळ संहिता संस्थेला मिळावी, निदान माहितीच्या साठवणीचे स्वरूप लेखी द्यावे, अशी अट करारात असावी. दरपत्रकातील सर्वांत कमी आकड्यापेक्षा ही अट पुढे अधिक मोलाची ठरते.

अध्यापनाच्या दृष्टीनेही या विषयाचे महत्त्व आहे. अनेक अभ्यासक्रमांत ८०८५ या १९७६ सालच्या प्रोसेसरच्या आधारे आज्ञासंच शिकविला जातो. मूलतत्त्वे समजण्यासाठी ते उपयुक्तच आहे. पण त्यामुळे आज्ञासंच ही स्थिर वस्तू आहे, असा समज विद्यार्थ्यांच्या मनात राहू शकतो. आज्ञांना जन्म, उपयोग, वार्धक्य आणि निवृत्ती असते, हे शिकविण्यासाठी वर्ज्य आज्ञेचा एक इशारा आणि त्याचा माग काढण्याचे एक प्रात्यक्षिक पुरेसे आहे. लहानशा प्रयोगशाळेतही ते घेता येईल.

निष्कर्ष

वर्ज्य आज्ञांच्या बाबतीत लिनक्स कर्नेलने स्वीकारलेले 'चालू ठेवा, पण सांगा' हे धोरण नकार व मौन या दोन्ही टोकांपेक्षा श्रेष्ठ आहे. त्याची उणीव इशाऱ्याच्या मजकुरात आहे, त्याहून अधिक ती इशारा आणि दुरुस्ती यांच्यामधील तुटलेल्या दुव्यात आहे. तो दुवा कर्नेल जोडू शकत नाही. संहिता जपणारी, माहिती प्रसिद्ध स्वरूपात ठेवणारी आणि निर्णय लिहून ठेवणारी संस्थाच तो जोडू शकते. परमच्या वंशावळीने, जिस्ट कार्डाने आणि अजितच्या निवडीने हेच वेगवेगळ्या मार्गांनी दाखवून दिले आहे. ३२ बिटांचा आज्ञासंच नव्या प्रोसेसरांतून वगळला जात असताना नोंदवहीतील ही ओळ अखेरच्या काही सूचनांपैकी एक आहे. तिला उत्तर देण्याइतका अवधी आज आहे. ती बंद करणाऱ्याला तो किती होता, हे नवे यंत्र आल्यावरच कळेल.